काहीच उघडलेलं नसताना रॅम ६० टक्के का दिसते, आणि लॅपटॉप नक्की कुठे अडतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. ज्युनिअर कॉलेजात शिकवणाऱ्या एका ताईंकडे २०१९ साली घेतलेला लॅपटॉप आहे. आठव्या पिढीचा इंटेल आय-५, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज ११. सुरू करून काहीही न उघडता टास्क मॅनेजर (कोणता प्रोग्रॅम किती मेमरी घेतो ते दाखवणारी विंडोजची खिडकी) बघितला तर मेमरीपुढे ६० टक्के दिसतात. क्रोम, एक स्कॅन केलेली पीडीएफ आणि वर्डमधली प्रश्नपत्रिका उघडली की आकडा ८५ च्या पुढे जातो आणि माउसचा बाणसुद्धा अडखळत चालतो. दुकानदार म्हणतो, रॅम १६ करून घ्या. भाच्याने रॅम साफ करणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिलंय, पण दहा मिनिटांत परिस्थिती पुन्हा तीच. ताईंचं विचारणं असं की ही मेमरी खातंय कोण, आणि पैसे घालायचेच तर कुठे घालू?

ताई, आधी उत्तर सांगतो, मग कारणं. काही न उघडता दिसणारे ६० टक्के हा बिघाड नाही, त्याची काळजी सोडा. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून तुमचा लॅपटॉप अडतोय तो हार्ड डिस्कपाशी. त्यामुळे पहिले पैसे एसएसडीत, म्हणजे फिरणारी तबकडी नसलेल्या वेगवान डिस्कमध्ये घाला. रॅम वाढवायची की नाही हे त्यानंतर ठरवा, आणि तेही टक्के बघून ठरवू नका. खाली सांगतो ते दोन आकडे बघून ठरवा. कित्येक लोक आधी रॅम घालतात, थोडा फरक पडतो, महिन्याभरात पुन्हा तक्रार सुरू होते, आणि मग एवढा चांगला प्रोसेसर असलेला लॅपटॉप कवडीमोलाने विकला जातो. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण आठव्या पिढीचा आय-५ तुमच्या कामाला अजून बरीच वर्षं पुरणारा आहे.

आता टक्क्यांकडे वळू. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर थेट उघडतो. पहिल्या पानावर न थांबता 'परफॉर्मन्स'मध्ये जा आणि 'मेमरी'वर क्लिक करा. तिथे आलेखाखाली काही आकडे असतात. ८ जीबीचं ठणठणीत मशीन नुकतं सुरू केल्यावर साधारण असं दिसतं: इन यूज ४.६, अव्हेलेबल ३.१, कमिटेड ६.४/११.२, कॅश्ड २.९, सगळं जीबीमध्ये. आठातली थोडी रॅम हार्डवेअरसाठी आधीच बाजूला काढलेली असते, म्हणून विंडोजच्या हाती ७.७ च्या आसपास राहते. ७.७ पैकी ४.६ म्हणजेच तुमचे ६० टक्के.

यात स्वतः विंडोज आहे, अँटिव्हायरस आहे, प्रिंटर आणि टचपॅडची पिल्लावळ आहे, सुरू होतानाच हळूच उठणारी वनड्राइव्ह, टीम्स यांसारखी ॲप्स आहेत. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅमची अट घातली आहे, पण ती फक्त 'चालू होईल' एवढ्यापुरती. ८ जीबीवर निम्म्याहून थोडी जास्त रॅम सुरुवातीलाच व्यापलेली असणं हे आज सर्वसाधारण आहे. १६ जीबीच्या मशीनवर हेच विंडोज बसल्या जागी ६ जीबी घेताना दिसतं, कारण जागा मुबलक असली की ते हात आखडता घेत नाही. म्हणून मित्राच्या लॅपटॉपशी टक्क्यांची तुलना करण्यात काही अर्थ नसतो.

'कॅश्ड' हा आकडा बघून पुष्कळ लोक दचकतात. रिकामी पडलेली रॅम कोणाच्याच उपयोगाची नसते, म्हणून विंडोज त्या जागेत नुकत्याच वाचलेल्या फायली आणि वारंवार लागणारे प्रोग्रॅमचे भाग धरून ठेवतं. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर 'सुपरफेच' नावाची सेवा आली, तिचं आजचं नाव 'सिसमेन'. ती तुमच्या सवयी बघून वर्ड, क्रोम यांचे तुकडे आधीच डिस्कवरून वाचून ठेवते. या कॅश्डमधला 'मॉडिफाइड' नावाचा छोटासा भाग सोडला तर बाकी सगळा 'अव्हेलेबल'मध्येच मोजलेला असतो. दुसऱ्या प्रोग्रॅमने जागा मागितली की तो क्षणात सोडून दिला जातो, आधी डिस्कवर लिहून ठेवायची गरज नसते, कारण मूळ प्रत डिस्कवर आहेच. म्हणजे पूर्ण रिकामी, 'फ्री' रॅम जवळजवळ शून्य दिसली तरी मशीन व्यवस्थित असू शकतं. बघायचं ते अव्हेलेबल. ८ जीबीवर काम करताना ते १ ते दीड जीबीच्या वर राहत असेल तर रॅमकडे बोट दाखवू नका.

इन यूजच्या आकड्याशेजारी कंसात 'कम्प्रेस्ड' असं लिहिलेलं असतं. २०१५ च्या विंडोज १० पासून ही सोय आहे. बराच वेळ न लागलेली मेमरी डिस्कवर टाकून देण्याआधी विंडोज ती रॅममध्येच आवळून, दाबून ठेवतं. इथे दोन-तीनशे एमबी असले तर काही नाही. ८ जीबीच्या मशीनवर दीड जीबी कम्प्रेस्ड दिसायला लागलं, तर ते बिचारं कसंबसं भागवतंय असं समजा.

आता त्या दोन आकड्यांपैकी पहिला, 'कमिटेड'. हा आकडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि फार थोडे लोक त्याच्याकडे बघतात. तो जोडीने लिहिलेला असतो, समजा ६.४/११.२. डावीकडचा आकडा म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून 'एवढी जागा मला लागेल' असं सांगून विंडोजकडून कबूल करून घेतलेली मेमरी. उजवीकडचा आकडा म्हणजे विंडोज जास्तीत जास्त किती कबूल करू शकतं: रॅम अधिक डिस्कवरची पेजफाइल, म्हणजे रॅममध्ये न मावणारी मेमरी ठेवायची फाइल. कबूल करून घेतलेली सगळी जागा प्रोग्रॅम लगेच वापरतातच असं नाही, त्यामुळे डावा आकडा रॅमपेक्षा थोडा जास्त असला तर घाबरू नका. पण ८ जीबी रॅमवर तुमचं रोजचं काम चालू असताना डावीकडे सतत १२-१३ दिसत असतील, तर रॅम खरोखर कमी पडते आहे. आणि डावा आकडा उजव्याला जाऊन भिडला की मग हळू चालणं वगैरे राहत नाही, थेट टॅब मरतात, वर्ड बंद पडतं, 'आउट ऑफ मेमरी' असा निरोप येतो.

पेजफाइल गरजेप्रमाणे एका मर्यादेपर्यंत वाढू शकते, पण त्यासाठी सी ड्राइव्हवर जागा लागते. डाउनलोड्सचं फोल्डर आणि फोनवरून उतरवलेले व्हिडिओ यांनी सी ड्राइव्ह लाल झालेला असेल तर पेजफाइलला वाढायला वावच उरत नाही, आणि डिस्क भरल्याचं दुखणं मेमरीचं दुखणं म्हणून समोर येतं. १५-२० जीबी मोकळे ठेवा. पेजफाइल बंद करा किंवा रॅमच्या दीडपट असा ठरीव आकडा घाला, असे सल्ले तुम्हाला मिळतील. दोन्ही ऐकू नका. ती विंडोजच्या भरवशावर सोडलेलीच बरी. बंद केली तर मशीन वेगवान होत नाही, फक्त कबूल करण्याची मर्यादा खाली येते आणि प्रोग्रॅम लवकर कोसळतात.

दुसरा आकडा टास्क मॅनेजरमध्ये नाही. विंडोजची कळ आणि आर दाबून 'रिसोर्स मॉनिटर' उघडायचा, त्यासाठी चौकटीत आर-ई-एस-एम-ओ-एन ही सहा अक्षरं टाइप करायची. त्यातल्या 'मेमरी' या पानावर 'हार्ड फॉल्ट्स पर सेकंड' असा रकाना आहे. नाव भयंकर आहे पण त्याचा बिघाडाशी संबंध नाही. विंडोज मेमरीचा हिशोब ४ केबीच्या पानांमध्ये ठेवतं. प्रोग्रॅमला हवं असलेलं पान रॅममध्ये सापडलं नाही आणि डिस्कवरून आणावं लागलं, की त्याला हार्ड फॉल्ट म्हणतात. नवा प्रोग्रॅम उघडताना हा आकडा शेकड्यांमध्ये उसळतो, ते स्वाभाविक आहे, कारण तो प्रोग्रॅम डिस्कवरूनच येत असतो. बघायचं असं की दोन प्रोग्रॅम आधीपासून उघडे आहेत, तुम्ही नुसतं एकातून दुसऱ्यात जाताय, आणि तरीही आकडा शेकड्यांत जाऊन तिथेच रेंगाळतोय का. तसं असेल तर रॅम पुरत नाही. त्याच वेळी 'डिस्क' या पानावर डिस्क ॲक्टिव्हिटीच्या यादीत पेजफाइल वरच्या ओळींत दिसली की शंका उरत नाही.

आता माउसचा बाण का अडखळतो ते बघू. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेणारी असते. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. हवा असलेला भाग डिस्क वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, आणि त्याआधी ते डोकं योग्य जागी सरकायला आणखी तेवढा किंवा त्याहून जास्त वेळ. म्हणजे एक पान आणायला १५ मिलिसेकंदांच्या आसपास. रॅममधून तेच काम सुमारे १०० नॅनोसेकंदांत होतं. फरक दीड लाख पटींचा आहे. रॅमला एक सेकंद लागतो असं धरलं तर हार्ड डिस्कला पावणेदोन दिवस लागतील. त्याच कामाला साध्या साटा एसएसडीला (साटा म्हणजे हार्ड डिस्कचीच नेहमीची जोडणी) सोळा-सतरा मिनिटं लागतील. रॅमच्या मानाने एसएसडीसुद्धा मंदच, पण पावणेदोन दिवस आणि पाव तास यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

याच हिशोबाने हार्ड डिस्क सेकंदाला विखुरलेली साठ-सत्तर पानंच आणू शकते. क्रोमचा मागे पडलेला टॅब परत आणायला हजारो पानं लागतात. विंडोज एका खेपेत शेजारची पानंही उचलून आणतं, म्हणून प्रत्यक्षात इतकं वाईट होत नाही, तरी पाच-दहा सेकंद सहज जातात. त्याच वेळी अँटिव्हायरस त्याच डिस्कवर तपासणी करत असतो, विंडोज अपडेट उतरत असतं, सर्च आपली सूची बनवत असतं. डिस्कचं डोकं एकच, मागण्या दहा. टास्क मॅनेजरमध्ये 'डिस्क'वर क्लिक करून 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' बघा. अडखळताना तिथे ५०० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त दिसलं आणि वर १०० टक्के असेल, तर निदान झालं. लॅपटॉप सुरू झाल्यावर पहिली पाच-सात मिनिटं, म्हणजे रॅम मोकळी असतानाही, तो रडतखडत चालत असेल तर मग रॅम निर्दोषच आहे.

आता 'खातंय कोण'. टास्क मॅनेजरच्या पहिल्या पानावर 'मेमरी' या शब्दावर क्लिक केलं की सगळ्यांत खादाड प्रोग्रॅम वर येतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. या यादीची बेरीज इन यूजपेक्षा नेहमी कमी भरते. ताळा जमत नाही म्हणून लोकांना व्हायरसचा संशय येतो. या रकान्यात फक्त त्या त्या प्रोग्रॅमची खासगी मेमरी असते. अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो भाग, आवळून ठेवलेली मेमरी आणि विंडोजच्या गाभ्याने, ड्रायव्हरनी (हार्डवेअर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमनी) घेतलेली मेमरी यात येत नाही. ८ जीबीवर एक-दीड जीबीचा फरक असला तर तो ठीक आहे. त्याहून बराच मोठा असेल तर काय, ते पुढे सांगतो.

क्रोमच्या वीस-बावीस प्रोसेस, म्हणजे एकाच प्रोग्रॅमचे स्वतंत्र चालणारे तुकडे दिसतात याचं तुम्हाला आश्चर्य वाटलं. हे मुद्दाम केलेलं आहे. २००८ मध्ये क्रोम आला तेव्हापासून टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात, म्हणजे एक कोसळला तरी बाकीचे शाबूत. २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या 'स्पेक्टर' नावाच्या त्रुटीचा बोभाटा झाला, त्यानंतर क्रोमने प्रत्येक संकेतस्थळ स्वतंत्र प्रोसेसमध्ये कोंडायला सुरुवात केली, जेणेकरून एखाद्या पानावरची जाहिरात तुमच्या बँकेच्या टॅबमधलं काही वाचू शकणार नाही. त्याची किंमत मेमरीत मोजावी लागली, साधारण दहा टक्के जास्त. ही किंमत मला रास्त वाटते. आपण करायचं ते एवढंच की क्रोममध्ये असताना शिफ्ट आणि एस्केप दाबायचं. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब, कोणतं एक्स्टेन्शन किती घेतंय ते नावानिशी दिसतं. बहुतेक वेळा गुन्हेगार निघतो तो विसरलेला टॅब: सकाळपासून उघडं पडलेलं बातम्यांचं पान, ज्यावर आपोआप जाहिराती बदलत राहतात आणि व्हिडिओ वाजत राहतात. किंवा कधीतरी टाकलेलं कूपन शोधणारं एक्स्टेन्शन, जे प्रत्येक टॅबमध्ये शिरतं. ती काढून टाका. सेटिंग्जमधल्या 'परफॉर्मन्स'खाली 'मेमरी सेव्हर' आहे, ते चालू ठेवा. बराच वेळ न बघितलेले टॅब ते झोपवतं. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्येही तशीच सोय आहे.

टीम्स, नवं आउटलुक, डिस्कॉर्ड, व्हीएस कोड ही बाहेरून वेगळी दिसणारी ॲप्स आतून ब्राउझरच आहेत. चार ॲप्स उघडली म्हणजे क्रोमशिवाय आणखी चार छोटे ब्राउझर उघडले असं धरा. टीम्स फक्त आठवड्यातून एका मीटिंगला लागत असेल तर टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप ॲप्स'मधून ते बंद करा. लागेल तेव्हा हाताने उघडता येतंच. त्या यादीत प्रिंटर कंपनीचे, पीडीएफवाल्यांचे अपडेटर भरलेले असतात, तेही निर्धास्त बंद करा. टचपॅड, आवाज आणि अँटिव्हायरस यांना तेवढं हात लावू नका. आणि हो, दोन अँटिव्हायरस एकत्र नांदत असतील तर एकाला निरोप द्या. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरगुती कामाला पुरेसा आहे.

तुमच्या बाबतीत मला प्रश्नपत्रिकेची ती वर्ड फाइल जास्त संशयास्पद वाटते. तुम्ही लिहिलंय की आकृत्या फोनने काढून त्यात टाकता. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो डिस्कवर ३ एमबीचा असतो, कारण तो जेपेग म्हणून दाबलेला असतो. पडद्यावर दाखवायचा तर तो उलगडावा लागतो. ४००० गुणिले ३००० ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट, म्हणजे एका फोटोला ४८ एमबी. पानावर तो दोन बोटं रुंदीचा दिसत असला तरी आत पूर्ण आकाराचा असतो. अशा वीस आकृत्या असलेली फाइल वर-खाली सरकवताना वर्ड आणि त्याच्यासोबत लॅपटॉप धापा टाकणार. स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तेच, ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) रंगीत स्कॅन केलेलं ए-४ आकाराचं एक पान उलगडलं की ३५ एमबीच्या घरात जातं. उपाय सोपा आहे. वर्डमध्ये एका चित्रावर क्लिक करा, वर 'पिक्चर फॉरमॅट'मध्ये 'कम्प्रेस पिक्चर्स' आहे. 'फक्त हेच चित्र' ही खूण काढा, १५० पीपीआय निवडा आणि ओके करा. छापताना १५० पीपीआयची आकृती स्वच्छ येते. मूळ फाइलची एक प्रत तेवढी वेगळी जपून ठेवा. पुढच्या वेळी फोटो टाकण्याआधी फोनवरच कापून घेतला तर हा प्रश्नच येणार नाही. रेषांच्या आकृत्या राखाडी रंगात स्कॅन केल्या तर आणखी बरं.

आता बेरीज आणि इन यूज यांत मोठी तफावत असेल तर. एका सीएंच्या ऑफिसातलं मशीन माझ्याकडे असंच आलं होतं. ८ जीबीपैकी ६.८ इन यूज आणि सगळ्या प्रोसेसची बेरीज जेमतेम अडीच जीबी. मेमरीच्या पानावर उजवीकडे खाली 'नॉन-पेज्ड पूल' असा आकडा असतो. तो एरवी काही शे एमबी असतो, तिथे २.४ जीबी होता. ही मेमरी ड्रायव्हरनी घेतलेली असते आणि ती डिस्कवर हलवता येत नाही, रॅममध्येच ठाण मांडून बसते. तो आकडा दिवसागणिक वाढत होता, म्हणजे कुठला तरी ड्रायव्हर घेतलेली जागा परत करत नव्हता. मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हर किटमधलं 'पूलमॉन' नावाचं साधन अशा जागेवरची चार अक्षरी खूण दाखवतं. त्या खुणेवरून नेटवर्कचा ड्रायव्हर सापडला, त्याची नवी आवृत्ती टाकली आणि काम झालं.

त्यातली तुमच्या उपयोगाची गोष्ट पुढेच आहे. ते रोज संध्याकाळी लॅपटॉप शट डाउन करत होते, तरी टास्क मॅनेजरच्या सीपीयूच्या पानावरचा 'अप टाइम' काही आठवडे दाखवत होता. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय चालू असते. तीत शट डाउन करताना तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. सुरू होणं लवकर होतं, पण ड्रायव्हरने अडवलेली मेमरीही जशीच्या तशी परत येते. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून आठवड्यातून एकदा तरी शट डाउनऐवजी रीस्टार्ट करा. तुमचा अप टाइम आज किती दिसतो ते बघाच.

शिकणाऱ्या मुलांसाठी इथेच दोन शब्द. यादीत 'व्हीएममेम' नावाची प्रोसेस तीन-चार जीबी खाताना दिसली तर ती विंडोजच्या आतलं लिनक्स, म्हणजे डब्ल्यूएसएल किंवा डॉकर. त्याला रॅमचा निम्मा भाग घेण्याची मुभा असते, ती त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये कमी करता येते. अँड्रॉइड स्टुडिओ शिकताना ८ जीबीवर एम्युलेटर चालवायचा हट्ट धरू नका. स्वतःचा फोन केबलने जोडून त्यावर ॲप चालवा.

भाच्याने टाकलेलं ते सॉफ्टवेअर आजच काढून टाका. अशी सॉफ्टवेअर्स बहुतेक एकच गोष्ट करतात: विंडोजला सांगतात की सगळ्या प्रोग्रॅमना त्यांच्या रॅममधून हुसकून लाव. आकडा ८५ वरून ४० वर येतो, वापरणाऱ्याला बरं वाटतं. पण ती पानं प्रोग्रॅमना लागणारच असतात. तुम्ही क्रोमवर परत क्लिक केलंत की ती एकेक करून परत आणावी लागतात, आणि त्यातली जी दरम्यान डिस्कवर गेली असतील ती तुमच्या त्या ५४०० फेऱ्यांच्या डिस्कवरून. आधीच रडतखडत चालणाऱ्या मशीनवर हा उपाय म्हणजे निव्वळ छळ आहे. सिसमेन सेवा बंद करण्याचा सल्लाही असाच सरसकट दिला जातो. हार्ड डिस्क असताना ती सुरुवातीला डिस्कला गुंतवून ठेवते हे खरं, आठवडाभर बंद करून बघायला हरकत नाही, पण एसएसडी घातल्यावर ती चालूच ठेवा.

आता खर्चाकडे. आधी जुन्या डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट साधन आहे, त्यात 'कॉशन' असा पिवळा शेरा असेल, तर मंदपणाचं कारण मरणपंथाला लागलेली डिस्कही असू शकते. अशा वेळी बाकी सगळं बाजूला ठेवून पहिल्यांदा तुमच्या नोट्स, फोटो दुसरीकडे उतरवून घ्या. मग मागचं झाकण उघडून किंवा मॉडेल नंबरवरून बघा की एम.२ ची, म्हणजे पट्टीसारखी छोटी एसएसडी बसवायची रिकामी जागा आहे का. २०१८-१९ च्या अनेक लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कशेजारी ती असते. असेल तर विंडोज एम.२ एसएसडीवर आणि १ टीबीची डिस्क तब्येतीने ठीक असल्यास साठवणीला, असं दोन्ही ठेवता येतं. ती जागा एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान जोडणी) घेते की फक्त साटा, हे विचारूनच माल घ्या. नसेल तर अडीच इंची साटा एसएसडी हार्ड डिस्कच्या जागी बसते. तुम्हाला ५०० जीबी पुष्कळ झाली. जुनं विंडोज तसंच्या तसं उचलून नेण्यापेक्षा कोरं विंडोज टाका. परवान्याची नोंद मदरबोर्डशी जोडलेली असल्याने इंटरनेट लागताच ते आपोआप चालू होतं. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा.

एसएसडी बसल्यावर आठवडाभर नेहमीचं काम करा आणि तेच दोन आकडे पुन्हा बघा. कमिटेड ९-१० च्या आत राहिलं, हार्ड फॉल्ट शांत असले, तर रॅमवर एक पैसाही घालू नका, विशेषतः आत्ता. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरनी मेमरीची मागणी वाढवल्यामुळे रॅमचे भाव चढले आहेत. कमिटेड १२ च्या वर आणि हार्ड फॉल्ट सतत शेकड्यांत, असं असेल तरच रॅम घ्या.

घेताना टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड' बघा. '१ ऑफ २' असेल तर नशीब चांगलं, दुसऱ्या खाचेत ८ जीबी घाला. दोन्ही खाचा भरल्या की मेमरी दुहेरी मार्गाने चालते, आणि प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरणाऱ्या तुमच्यासारख्या मशीनला त्याचा वेगळा फायदा मिळतो. '२ ऑफ २' म्हणजे बहुधा ४ अधिक ४, मग एक काढून तिथे ८ घातली की १२ होतात, तेही चालतं. रॅम मदरबोर्डवरच डागलेली असेल आणि खाच नसेल तर तो विषय तिथेच संपला. तुमच्या पिढीला डीडीआर४ लागते, लॅपटॉपच्या आखूड आकाराची. डीडीआर५ त्या खाचेत बसतच नाही, त्यामुळे दुकानात 'लॅपटॉपची रॅम द्या' एवढंच न म्हणता मॉडेल नंबर दाखवा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला घ्या नाहीतर पुण्याच्या तापकीर गल्लीत, वॉरंटीसकट पक्कं बिल मागा आणि रॅम तिथेच बसवून घ्या. दुकानातून निघण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये एकूण आकडा, 'स्पीड' आणि 'हार्डवेअर रिझर्व्हड' बघून घ्या. तुमच्या इंटेलच्या मशीनवर हे शेवटचं दोन-तीनशे एमबीच्या आसपास असायला हवं. तिथे काही जीबी दिसले तर रॅम खाचेत नीट बसलेली नाही, दुकानदाराला लगेच पुन्हा बसवायला सांगा.